घरत सिस्टर माफ करत नाहीत

घरत सिस्टर रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. पनवेलच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहायच्या आणि मी त्यांच्या थेट वर, पहिल्या मजल्यावर. बारा वर्षांच्या शेजारात त्यांना ओरडताना मी एकदाही ऐकलं नाही. पण त्या हळू बोलायला लागल्या की भाजीवालासुद्धा तराजूतला किडका बटाटा मुकाट्याने बदलायचा.

नाव यमुना, पण त्या नावाने हाक मारणारं पनवेलमध्ये कोणी नव्हतं. मूळच्या गव्हाणच्या, वडील मिठागरावर. गावातून नर्सिंगला गेलेली ती पहिली मुलगी. तीस-बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कोणाची छाती नव्हती.

थिएटर त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. हात धुवायच्या ते कोपरापर्यंत, आणि नळ बंद करायच्या तो कोपरानेच. पोट शिवण्याआधी आत काही राहिलं नाही ना म्हणून गॉजचे तुकडे मोजतात, त्या सवयीने त्या सगळंच मोजायच्या. चहा झाला की कप मोजायच्या, घरातून निघताना पिशवीतल्या वस्तू. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना इंजेक्शनं त्याच द्यायच्या. कोणी म्हणालं, "सिस्टर, तुमचा हात किती हलका," तर म्हणायच्या, "हलका नाही, नेमका आहे. हलका हात घाबरणाऱ्याचा असतो."

त्यांच्याकडे एक मांजर होतं. राखाडी पट्ट्यांचं, एका कानाला खाच असलेलं. लहानपणी ते दिसेल ती वस्तू तोंडात उचलून न्यायचं, म्हणून नाव ठेवलं चिमटी. सिस्टर तिचे लाड करताना मला कधी दिसल्या नाहीत. "चिमटी, बाजूला हो," एवढंच त्यांचं बोलणं. पण बांगडा आणला की डोक्याकडचा भाग काटे काढून आधी तिच्या ताटलीत जायचा.

आता रेवाळ्यांबद्दल सांगायला हवं. वसंत रेवाळे आमच्या सोसायटीचे चेअरमन. तळोज्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. "शिस्त म्हणजे शिस्त" हे त्यांचं वाक्य, आणि काचेच्या नोटीस बोर्डाची चावी कायम त्यांच्या खिशात. त्यांनी नवी गाडी घेतली होती. चिमटी दुपारी त्या गाडीच्या बॉनेटवर ऊन खात बसायची. कव्हरला दोन-तीनदा तिची नखं लागली होती. रेवाळ्यांनी बोर्डावर महिनाभर नोटीस लावून ठेवली, 'पाळीव प्राण्यांनी पार्किंगमध्ये बसू नये.' सिस्टरांनी ती वाचली आणि म्हणाल्या, "तिला वाचता येत नाही. मी गाडीवर जुनी चादर टाकून देते." रोज दुपारी त्या टाकायच्यासुद्धा. रेवाळे ती काढून टाकायचे.

ह्या सगळ्यात एक गोष्ट चालूच होती. रेवाळ्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती, पाठीला जखमा झालेल्या. रोज सकाळी आठ वाजता सिस्टर तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांचं ड्रेसिंग करायच्या. कोणी सांगितलं म्हणून नाही. एकदा वास आला म्हणून त्या वर गेल्या आणि मग जातच राहिल्या.

एका सोमवारी चिमटी घरी आली नाही. मंगळवारी सिस्टर पूर्ण गल्ली फिरल्या. मागच्या नाल्यापर्यंत जाऊन आल्या. गुरुवारी दुपारी ती स्वतःच आली, तीन पायांवर, घरंगळल्यासारखी. पुढचा उजवा पाय कोपराखाली दुप्पट सुजलेला, पंजा काळा पडलेला. कातडीत रुतून दिसेनाशी झालेली एक तार होती. तारेचं तुटकं टोक तेवढं बाहेर आलेलं.

सिस्टरांनी माझी बेल वाजवली. "गाडी काढा."

मी विचारलं, "काय झालं?"

"पाय मेला आहे," त्या म्हणाल्या. "मांजर अजून जिवंत आहे. लवकर काढा."

डॉक्टर मुकादमांचा दवाखाना तेव्हा उरण नाक्याच्या बाजूला होता. तरुण माणूस, चार पिढ्या पनवेलच्या. त्यांनी पंजाला हात लावला, नखाशी टोचून पाहिलं, मान हलवली. "थंड पडलाय. सिस्टर, हा वाचायचा नाही. आज सलाईन लावतो, शरीरात पाणीच उरलेलं नाही तिच्या. उद्या ऑपरेशन. पाय खांद्यापासून काढावा लागेल."

सिस्टरांचा आवाज उतरला. "खांद्यापासून का? कोपराच्या वरचं मांस जिवंत आहे. मी बघितलंय. तिथून काढा."

"माणसाचा तिथूनच काढला असता. खोटा पाय बसवायला खुंट लागतो. पण हिला खुंट ठेवला तर ही त्याच्यावर टेकायला जाणार. रोज घासणार, रोज रक्त. यकीन मानिए, अर्धा पाय असण्यापेक्षा अजिबात नसणं मांजराला सोपं जातं."

सिस्टरांनी चिमटीचा खांदा बोटांनी चाचपला. मग म्हणाल्या, "बरोबर. मी आत उभी राहणार."

दुसऱ्या दिवशी त्या आत उभ्या राहिल्या. मी बाहेर बाकावर. दाराच्या फटीतून मला फक्त त्यांचा आवाज येत होता, "एक, दोन, तीन..." गॉज मोजत होत्या. मांजराचं अंग केवढं, त्यात काय राहणार! पण त्यांनी दोनदा मोजलं. शिवण पडली तेव्हा बाहेर आल्या. हातात स्टीलचा किडनी ट्रे होता, त्यात धुतलेली तार.

"ही काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

मला माहीत होतं ती काय आहे. स्कूटरची क्लच वायर. आणि ती कोणाची, तेही मला माहीत होतं.

मागच्या रविवारी सकाळी मी गॅलरीत दाढी करत होतो. कंपाउंडच्या भिंतीला पार्किंगच्या बाजूला एक भगदाड होतं, मांजरं तिथूनच आत यायची. रेवाळे तिथे उकिडवे बसून पक्कडीने काहीतरी पिळत होते. त्यांनी वर पाहिलं आणि मी आत वळलो. गॅलरीला ग्रिल बसवण्यासाठी सोसायटीची परवानगी मागणारा माझा अर्ज त्यांच्याकडे पडून होता. चार दिवस चिमटी सापडत नव्हती आणि चार दिवस मी काही बोललो नव्हतो.

परतताना गाडीत मी सगळं सांगितलं. त्या मागच्या सीटवर होत्या, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली चिमटी.

"रविवारी किती वाजता?"

"साडेनऊच्या सुमारास."

आरशात मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही रविवारी दार वाजवलं असतं, तर चार पाय राहिले असते." मग थोड्या वेळाने, "लिहून द्याल?"

मी हो म्हटलं.

"सही पूर्ण करा. आद्याक्षरं नकोत."

त्यानंतर दोन वर्षं त्या आमच्या घरी चहाला आल्या नाहीत. माझ्या बायकोला इंजेक्शन लागलं तर येऊन द्यायच्या, कापूस स्वतःच्या डब्यात घालून न्यायच्या. पण खुर्चीवर बसायच्या नाहीत.

चिमटीचं दुखणं त्यांनी एखाद्या वॉर्डसारखं चालवलं. जखम चाटू नये म्हणून जुनी एक्स-रे फिल्म कापून गळ्यात पट्टा केला. त्यावर कोणाच्या तरी बरगड्या दिसत होत्या. पलंग, कपाट, उंचावरचं सगळं बंद. पुढचा पाय गेला की उडी मारणं सोपं असतं, अवघड असतं ते उतरणं, कारण सगळा भार एकाच पंजावर येतो. पहिले दोन दिवस ती उठायची आणि उजव्या अंगावर पडायची. सिस्टर उचलायच्या नाहीत. शेजारी जमिनीवर बसून राहायच्या. "पडू दे. कुठे पडते ते तिला कळू दे." पाचव्या दिवशी ती खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकाला उड्या मारत गेली. एक पाय मध्यभागी आणून, जणू तो आधीपासून मधलाच होता.

टाके काढायच्या आदल्या संध्याकाळी मी खाली गेलो होतो. चिमटी मातीच्या ट्रेमध्ये बसली होती. उठली आणि सवयीने माती ओढायला लागली, पण जो पाय नव्हता त्याने. खांद्याचे स्नायू कातडीखाली हलत होते, पुढे-मागे, पुढे-मागे. माती जागची हलत नव्हती. ती थांबायची, वास घ्यायची, पुन्हा सुरू करायची.

सिस्टर बघत होत्या. अचानक म्हणाल्या, "एका मजुराचा हात असाच हलायचा." आणि मग जे सांगितलं ते त्यांनी एकदाच सांगितलं.

खूप वर्षांपूर्वी एका कारखान्यातून तो आला होता. मशीनमध्ये उजवा हात गेला, दंडापासून काढला. तो भुलीतून पुरता बाहेरही आला नव्हता, तर ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन वॉर्डात आला. चूक माझीच, असं त्या कागदावर होतं. उरलेल्या हाताचा अंगठा घेतला. शाई जास्त लागली म्हणून सिस्टरांना म्हणाला, जरा पुसा.

"आणि मी पुसला," सिस्टर म्हणाल्या. "स्पिरिटने. स्वच्छ. तेव्हा नवीन होते, नोकरी जाईल वाटलं. त्या माणसाचं नाव मला आठवत नाही. ठेकेदाराच्या माणसाचं आठवतं."

चिमटीने माती झाकायची सोडली आणि बाजूला येऊन बसली. सिस्टरांनी खुरपी घेऊन माती ओढली आणि हात धुवायला गेल्या.

दुसऱ्याच दिवशी टाके काढून त्या थेट पोलीस ठाण्यात गेल्या. माझा जबाब लागणार म्हणून मीही. टेबलामागचा हवालदार आधी हसला. "मांजर? बाई, इथे माणसांच्या तक्रारी घ्यायला वेळ नाय."

"मी थांबते," सिस्टर म्हणाल्या आणि टोपली मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. त्या संध्याकाळपर्यंत बसल्या. दुसऱ्या दिवशी गेल्या, तिसऱ्या दिवशी गेल्या. चौथ्या दिवशी साहेबांनी स्वतः बोलावलं.

"सिस्टर, कायद्यात जनावराला काही किंमत असावी लागते. कमीत कमी दहा रुपये. हिची पावती आहे का?"

"विकत घेतली नाही."

"मग किंमत कशी दाखवायची?"

सिस्टरांनी टोपलीचं झाकण काढलं. केस भादरलेली ती बाजू, आडवी शिवण. "साहेब, ह्या टेबलावर दहा रुपये मी ठेवते. मला असंच एक मांजर आणून द्या. चार पायांचं."

साहेबांनी झाकण लावलं आणि गुन्हा नोंदवून घेतला.

रेवाळे सोसायटीभर सांगत फिरले, "एका मांजरासाठी! उंदरांसाठी लावली होती मी."  सिस्टर मात्र रोज सकाळी आठ वाजता तिसऱ्या मजल्यावर जातच राहिल्या. मला वाटलं होतं, बंद करतील. मी म्हणालोसुद्धा. त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "थिएटरात स्वच्छ ट्रे वेगळा असतो, घाण ट्रे वेगळा. म्हातारी स्वच्छ ट्रेमध्ये आहे."

ड्रेसिंग करून निघताना रेवाळे दारात पेपर वाचत बसलेले असायचे. सिस्टर रोज त्यांच्यासमोर थांबून म्हणायच्या, "आईंची जखम भरतेय. चिमटीचीही भरली." आणि खाली यायच्या. रोज तेच. रेवाळे पेपर वर धरायचे. काही महिन्यांनी ते आठ वाजता घराबाहेर जायला लागले. मग सिस्टर साडेसातला जायला लागल्या.

पुढच्या वर्षी रेवाळ्यांच्या मुलाकडे, मस्कतला, बाळ व्हायचं होतं. रेवाळे आणि त्यांची बायको, दोघांनी पासपोर्टचे अर्ज केले. पडताळणीत रेवाळ्यांवरचा खटला निघाला आणि त्यांचा अर्ज अडकला. तेव्हा रेवाळेवहिनी सिस्टरांकडे आल्या. मी तिथेच होतो, पंख्याचं बटण बदलत. वहिनी रडत होत्या.

"सिस्टर, पहिलं नातवंड आहे. यांच्या हातून चूक झाली. तुम्ही तक्रार मागे घ्या. पाया पडते."

"चूक झाली हे ते म्हणाले?"

"मनात म्हणत असतील."

"मनातलं मला ऐकू येत नाही."

"इतका राग धरू नये हो. एक वर्ष झालं. आता तरी..."

तेव्हा पहिल्यांदाच त्यांची थिएटरातली भाषा गळून पडलेली मी ऐकली. आवाज मात्र तसाच खाली. "वहिनी, माजा बाप मिठागरावर होता. बाकी सगला नासतं, मीठ नासत नाय. माजा राग तसा हाय. वरीस झाला म्हनून काय नाय व्हायचा त्याला." मग पदर सारखा करून त्या पुन्हा सिस्टर झाल्या. "तुमच्या नावावर केस नाही. तुमचा पासपोर्ट येईल. तुम्ही जा."

"मी एकटी? मी कधी पुण्याला एकटी गेले नाही!"

"मी शिकवते."

आणि त्यांनी शिकवलं. पंधरा दिवस रोज दुपारी. विमानतळावर कुठे उभं राहायचं, कोणता कागद कुठल्या खिशात, पट्ट्यावरून बॅग कशी घ्यायची. मस्कतला बाळंतिणीला काय द्यायचं त्याचीही यादी. वहिनी गेल्या, तीन महिने राहिल्या.

ते तीन महिने रेवाळे आईबरोबर एकटे होते. सिस्टरांनी त्यांना एकच दिवस सगळं दाखवलं. चादर न ओढता कूस कशी बदलायची, दर दोन तासांनी. पाठ कशी पुसायची, भांडं कसं द्यायचं. रेवाळे म्हणाले, "बाई ठेवतो मी दिवसभराची." ठेवलीही. दोन बाया टिकल्या नाहीत. रात्रीचं तर त्यांनाच करावं लागलं. सिस्टर सकाळी जाऊन फक्त म्हातारीची पाठ बघायच्या. जखम वाढलेली दिसली की म्हणायच्या, "काल रात्री एकदा कूस चुकली." ती खरंच चुकलेली असायची. मला ते बघवेना. पासष्टीचा माणूस, डोळे सुजलेले, जिन्यात कठड्याला धरून उभा असायचा. मी सिस्टरांना म्हटलं, "बास झालं आता."

"काय बास झालं?" त्या म्हणाल्या. "स्वतःच्या आईचं करतोय."

खटला उभा राहिला तो त्यानंतर कधीतरी. पनवेलच्या कोर्टात, गर्दीच्या दिवशी, दोन चोऱ्यांच्या मधे. माझी साक्ष झालीच नाही. रेवाळे स्वतःच पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, मी लावली होती तार. मांजरासाठीच." वकिलाने त्यांच्याकडे चमकून पाहिलं. दंड अगदीच किरकोळ झाला.

मला वाटलं, संपलं. सिस्टरांनी निकालाची शिक्क्याची प्रत काढली, लॅमिनेट करून आणली आणि तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मी मागोमाग. रेवाळ्यांनी दार उघडलं.

"नोटीस बोर्डाची चावी द्या."

रेवाळ्यांनी तो कागद वाचला. संपूर्ण. वहिनी मागे उभ्या होत्या. "किती दिवस?" रेवाळ्यांनी विचारलं.

"मांजराला बसायला किती दिवस बंदी होती?"

त्यांनी खिशातून चावी काढून दिली. तो कागद महिनाभर काचेमागे राहिला. पोस्टमन वाचायचा, दूधवाला वाचायचा, जिन्यात पोरं मोठ्याने वाचायची. महिना झाल्यावर सिस्टरांनी तो स्वतः काढला. काच पुसली आणि चावी परत नेऊन दिली. त्याच आठवड्यात रेवाळ्यांनी चेअरमनपद सोडलं. आणि चावी परत दिली त्याच संध्याकाळी सिस्टर आमच्याकडे येऊन खुर्चीवर बसल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "साखर कमी घाला."

म्हातारी आधी गेली, पाठीला एकही जखम न ठेवता. दोन वर्षांनी रेवाळेही गेले, सकाळी आंघोळीला जाता जाता. मुलगा मस्कतहून निघाला होता, पोचायला वेळ होता. वहिनींनी खाली निरोप पाठवला तो सिस्टरांना. त्या गेल्या. दार लावून त्यांनी एकटीने रेवाळ्यांचं अंग पुसलं, जबडा बांधला, धुतलेला सदरा घातला, हात सरळ केले. कोपरापर्यंत हात धुऊन बाहेर आल्या. डोळे कोरडे होते. पण वहिनींच्या शेजारी रात्रभर त्याच बसल्या.

नंतर त्यांनी फ्लॅट विकला आणि भाचीकडे शिरढोणला गेल्या. मला त्या शेवटच्या दिसल्या त्या पळस्प्याला. मी कामावरून परतत होतो. नाक्यावर सहा आसनी रिक्षाची वाट बघत त्या उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे, साडी कडक इस्त्रीची, हातात टोपली. मी थांबलो, सोडू का म्हणून विचारलं. नाही म्हणाल्या, चिमटीला गाडीतल्या एसीने शिंका येतात.

शेजारी एक अनोळखी बाई उभी होती. टोपलीच्या जाळीतून आत बघत तिने विचारलं, "अगं बाई, हिचा पाय कुठे गेला?"

"वसंत पांडुरंग रेवाळे," सिस्टर म्हणाल्या. मग इमारतीचं नाव, मजला, खोली नंबर. "त्यांनी तार लावली."

मी हळूच म्हटलं, "सिस्टर, ते वारले आता."

"हो. मीच पुसलं त्यांना." त्यांनी टोपली या हातातून त्या हातात घेतली. "ही अजून तीनच पायांवर चालते."

सहा आसनी आली. दोघी आत चढल्या, शेजारी शेजारी बसल्या. रिक्षा गोव्याच्या रस्त्याला वळली तेव्हा घरत सिस्टर त्या बाईच्या खांद्यावर बोट टेकवून पाय नेमका कुठून काढला ते दाखवत होत्या.